मु. पो. तोरणमाळ : पत्त्यातील लघुरूपांचा अर्थ, वापर आणि इतिहास

१. प्रस्तावना

मराठीत पत्ता लिहिताना 'मु.', 'पो.', 'ता.' आणि 'जि.' ही चार लघुरूपे क्रमाने येतात. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत आणि मनीऑर्डरच्या अर्जापासून न्यायालयाच्या समन्सपर्यंत त्यांचा संचार आहे. अतिपरिचयामुळे त्यांचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. ऐतिहासिक साधन म्हणून आपण पत्राचा मजकूर वाचतो; पाकिटावरील पत्ता मात्र केवळ टपालाच्या सोयीचा भाग मानून बाजूला ठेवतो.

प्रस्तुत निबंधात या चार लघुरूपांचा अर्थ, त्यांची व्युत्पत्ती आणि त्यांचे बदलते उपयोग यांचा विचार एका विशिष्ट पत्त्याच्या आधारे केला आहे. तो पत्ता म्हणजे 'मु. पो. तोरणमाळ, ता. अक्राणी, जि. नंदुरबार'. सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण म्हणून, तसेच गोरक्षनाथ मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा यांसाठी सर्वपरिचित आहे. परंतु येथे या गावाची निवड पर्यटनस्थळ म्हणून केलेली नाही. मैदानी प्रदेशात घडलेली ही लघुरूपे भिल्ल व पावरा समाजाच्या डोंगरी वस्तीला लावली, की त्यांच्यात काय सामावते आणि काय बाहेर राहते हे येथे स्पष्ट दिसते. पत्त्यातील लघुरूप हे शासनव्यवस्थेने वस्तीकडे पाहण्याच्या दृष्टीचे संक्षिप्त रूप आहे आणि त्या दृष्टीत पाड्याला आजवर जागा मिळालेली नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. लघुरूपाची जुनी रीत

शब्द आखडून लिहिण्याची पद्धत मराठीत इंग्रजी अमदानीबरोबर आली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. मोडी कागदपत्रांत लघुरूपांची रेलचेल आढळते. 'रा॥ रा॥' म्हणजे राजमान्य राजश्री, 'सा॥ न॥' म्हणजे साष्टांग नमस्कार, 'वि॥' म्हणजे विनंती, 'मौ॥' म्हणजे मौजे, 'क॥' म्हणजे कसबे, 'प॥' म्हणजे परगणे आणि 'मु॥' म्हणजे मुक्काम. हिजरी महिन्याच्या तिथीपूर्वी येणारा 'छ' हा चंद्राचा निर्देश करतो. एकसारख्या मायन्याची असंख्य पत्रे दररोज लिहिणाऱ्या कारकुनाला ही सोय अपरिहार्य होती. वाचणाराही त्याच परंपरेतला असल्याने अर्थाविषयी घोटाळा होत नसे.

या जुन्या लघुरूपांची खूण दोन उभ्या दंडांची होती. आज आपण वापरतो तो टिंब छपाईबरोबर आला. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हे रूढ केली, पाठ्यपुस्तकांनी ती घरोघर नेली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडी मागे पडल्यावर 'मु॥'चे 'मु.' झाले. म्हणजे चिन्ह इंग्रजी वळणाचे असले, तरी लघुरूप जुनेच आहे. छापील बालबोध अक्षरांत ते अधिक सुटसुटीत झाले आणि दरबारी लेखकाच्या हातून निघून सामान्य साक्षराच्या हाती आले.

३. चार शब्द, चार प्रवास

'मुक्काम' हा शब्द अरबी 'मकाम' या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आला. उभे राहण्याची जागा, थांबण्याचे ठिकाण हा त्याचा मूळ आशय. मराठी लष्करी पत्रव्यवहारात 'मुक्काम' म्हणजे फौजेचा त्या दिवसाचा तळ. पत्र कोठून लिहिले हे त्यावरून कळे आणि पुढच्या पत्रातला मुक्काम वेगळा असणार हे गृहीतच असे. आजही 'दोन दिवस मुक्काम आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तात्पुरतेपणाचा हाच अर्थ अभिप्रेत असतो. पत्त्यातील 'मु.' मात्र याच्या नेमके उलट, म्हणजे कायम वास्तव्याचे ठिकाण सांगतो. एकाच शब्दाचे हे दोन परस्परविरोधी अर्थ आज मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत.

हा अर्थबदल टपालव्यवस्थेच्या बदलाशी निगडित आहे. जासूद किंवा कासीद यांच्या हाती दिलेले पत्र व्यक्तीला उद्देशून असे. पत्र नेणाऱ्याला ती व्यक्ती कोठे आहे याचा शोध घ्यावा लागे. म्हणून लखोट्यावर नाव, पदवी आणि मायना यांना महत्त्व होते. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने टपाल वाहण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. १८५४ च्या कायद्यानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सर्व हिंदुस्थानासाठी एकसारखी तिकिटे आली आणि पत्राचा दर अंतराऐवजी वजनावर ठरू लागला. पत्र वाहणारा आता व्यक्तीला ओळखणारा राहिला नाही. त्याला ठिकाण हवे होते आणि तेही स्थिर हवे होते. फिरत्या तळाचा 'मुक्काम' अशा रीतीने घराचा ठिकाणा झाला.

'पोस्ट' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'ठेवलेला', 'नेमून दिलेला' हा त्याचा धात्वर्थ. युरोपात राजमार्गांवर ठरावीक अंतरावर ठेवलेल्या घोड्यांच्या व स्वारांच्या ठाण्यांना हे नाव मिळाले आणि पुढे ते टपालालाच चिकटले. अरबी 'मकाम' आणि लॅटिन वळणाचा 'पोस्ट' हे दोन्ही शब्द मुळात थांब्याचेच. मराठी पत्त्यात ते 'मु. पो.' असे जोडीने उभे आहेत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

'तालुका' अरबी 'तअल्लुक' या शब्दावरून आला. संबंध, जोडलेले असणे, अवलंबून असणे हा त्याचा अर्थ. महसुलाच्या दृष्टीने एखाद्या ठाण्याशी जोडलेला मुलूख म्हणजे तालुका. 'जिल्हा' या शब्दाच्या मुळाशी बाजू किंवा बरगडी असा अर्थ असणारा अरबी शब्द आहे. कंपनी सरकारने कलेक्टरच्या अधिकारक्षेत्रासाठी तो कायम केला. चारही शब्द अशा प्रकारे परभाषेतून आले आणि चारही राज्यकारभारातून आले. तीन अरबी-फारसी परंपरेचे, एक युरोपीय. ज्यांच्या वस्तीचे वर्णन या शब्दांनी होते, त्या भिल्ली आणि पावरी बोलींतील एकही शब्द त्यांत नाही.

४. जोडून लिहिलेले आणि तोडून लिहिलेले 'मु. पो.'

'मु. पो.' हे एकच लघुरूप आहे असे अनेकांना वाटते. वास्तविक ती दोन स्वतंत्र लघुरूपे आहेत आणि ती जोडून लिहायची की तोडून, याला निश्चित अर्थ आहे. ज्या गावात टपाल कार्यालय आहे, त्याच्या पत्त्यात 'मु. पो.' असे जोडून येते. राहण्याचे गाव आणि टपालाचे गाव एकच असते. ज्या गावात ते नाही, तेथे 'मु. अमुक, पो. तमुक' असे तोडून लिहावे लागते. पहिले नाव राहण्याच्या गावाचे, दुसरे ज्या गावाच्या टपाल कार्यालयातून पत्र वाटले जाते त्या गावाचे.

या जोडण्या-तोडण्यात ग्रामीण प्रतिष्ठेचा एक सूक्ष्म हिशेब दडलेला आहे. शाळा, ग्रामपंचायत, आठवडे बाजार यांप्रमाणेच टपाल कार्यालय हे गावाच्या मोठेपणाचे लक्षण मानले गेले. म्हणून शाखा डाकघर नसलेल्या गावातील लोकही आपल्या गावामागे सरसकट 'मु. पो.' लावताना दिसतात. नियमाच्या दृष्टीने हे चूक असले, तरी समाजेतिहासाच्या दृष्टीने ते अर्थपूर्ण आहे. दुसऱ्या गावाचे नाव आपल्या पत्त्यात येऊ नये, ही त्यामागची भावना असते.

पुढे 'मु. पो.' हे ग्रामीणतेचेच चिन्ह बनले. शहरातील पत्ता घर क्रमांक, इमारत, रस्ता असा उलगडत जातो, 'मु. पो.' लिहिले, की गाव डोळ्यांसमोर उभे राहते. परेश मोकाशी यांच्या 'मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी' या नाटकाच्या नावात आणि त्यावरून २०२५ साली आलेल्या 'मु. पो. बोंबिलवाडी' या चित्रपटाच्या नावात हाच संकेत वापरलेला आहे. चित्रपटाच्या नावात तर लघुरूप विस्तार न करता तसेच ठेवले आहे. ते वाचकाला समजावून सांगण्याची गरज निर्मात्यांना वाटली नाही.

५. संदिग्धता आणि संदर्भ

लघुरूपाचा अर्थ संदर्भावर अवलंबून असतो. 'ता.' हे याचे उत्तम उदाहरण. पत्राच्या डोक्यावर 'ता.' म्हणजे तारीख, पत्त्यात 'ता.' म्हणजे तालुका आणि पत्राच्या शेवटी 'ता. क.' म्हणजे ताजा कलम. एकाच अंतर्देशीय पत्रावर ही तिन्ही रूपे एकत्र येऊ शकतात आणि तरीही वाचकाची गफलत होत नाही. 'पो.' हा 'पो. स्टे.' किंवा 'पो. नि.' यांत पोलीस होतो. 'मु.' हा 'मु. अ.' मध्ये मुख्याध्यापक होण्यासाठी 'मुख्य' बनतो.

काळ बदलला, की संदर्भही बदलतो. पश्चिम खानदेश जिल्हा अस्तित्वात असताना त्या नावाचा पहिला शब्दही आखडून 'जि. प. खानदेश' असे लिहिता येत असे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या. त्यानंतर 'जि. प.' या अक्षरांचा जिल्हा परिषद हा अर्थ इतका दृढ झाला, की जुन्या पाकिटावरील 'जि. प. खानदेश' आजच्या विद्यार्थ्याला चुकीचे वाटावे. अभिलेखागारात काम करणाऱ्याने लघुरूप उलगडताना कागदाचा काळ प्रथम का पाहावा, हे यावरून ध्यानात येते.

६. स्थिर गाव, बदलते 'जि.'

तोरणमाळ जागचे हललेले नाही. पण त्याच्या वरच्या पायऱ्या वारंवार बदलल्या. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त नंदुरबार सरकारची नोंद माळवा सुभ्याखाली येते. १८१८ साली पेशवाईचा शेवट झाल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. सातपुड्यातील भिल्लांवर हुकमत बसविण्यासाठी १८२५ साली जेम्स औट्रम याच्या नेतृत्वाखाली खानदेश भिल्ल पलटण उभारण्यात आली. डोंगराची दखल शासनाने प्रथम बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून घेतली. टपाल व महसूल यांच्या सोयी त्यानंतरच्या.

१९०६ साली खानदेशाचे विभाजन होऊन पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. सातपुड्याचा हा भाग पश्चिम खानदेशात राहिला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास 'पश्चिम खानदेश' हे नाव मागे पडून 'धुळे' हे जिल्ह्याचे नाव झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके आहेत. तेव्हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी जन्मलेल्या आणि दीर्घायुषी झालेल्या तोरणमाळच्या रहिवाशाने घर न सोडता 'जि.' पुढे पश्चिम खानदेश, धुळे आणि नंदुरबार अशी तीन नावे पाहिली असतील.

'ता.' ची कथाही अशीच आहे. अक्राणी हा दीर्घकाळ 'महाल' होता. पूर्ण तालुक्यापेक्षा लहान असलेल्या महसुली विभागाला ही संज्ञा होती. पुढे तो तालुका झाला. तालुक्याचे नाव अक्राणी राहिले, पण मुख्य ठिकाण धडगाव. त्यामुळे व्यवहारात 'ता. अक्राणी' आणि 'ता. धडगाव' ही दोन्ही रूपे चालतात, तर सावध लेखक 'ता. अक्राणी (धडगाव)' असे लिहितो. धडगावच्या नगरपंचायतीच्या पूर्ण नावात धडगाव, वडफळ्या आणि रोषमाळ बु. अशी तीन नावे एकत्र आली आहेत. त्यातील 'बु.' म्हणजे बुद्रुक, अर्थात फारसी 'बुजुर्ग', मोठा. त्याची जोडी 'खु.' म्हणजे खुर्द, लहान. फारसी महसुली परिभाषेचे हे लघुरूप सातपुड्याच्या कुशीतही पोहोचले आहे.

डोंगर उतरून शहादा तालुक्यात आले, की आणखी एक लघुरूप भेटते. मोहिदे त. ह., मोहिदे त. श., बामखेडे त. त. अशी गावांची नावे तेथे रूढ आहेत. 'त.' म्हणजे तर्फ, परगण्याचा पोटविभाग. मोहिदे तर्फ हवेली आणि मोहिदे तर्फ शहादे ही दोन वेगळी गावे असून त्यांतील भेद केवळ या अक्षरांनी कळतो. 'बामखेडे त. त.' मध्ये बामखेडे तर्फ तऱ्हाडी असा विस्तार अभिप्रेत आहे. तर्फ हा विभाग प्रशासनातून केव्हाच नाहीसा झाला. पण लघुरूपाने त्याला गावाच्या नावात जिवंत ठेवले. पूर्ण शब्द विस्मृतीत गेला आणि त्याचे आद्याक्षर टिकले, अशी ही विलक्षण स्थिती आहे. तापीखोऱ्यातील सुपीक मैदानात जुन्या महसूलव्यवस्थेचे हे ठसे दाट आहेत. तोरणमाळच्या नावामागे मात्र असे कोणतेही अक्षर नाही.

७. एक माणूस, अनेक लघुरूपे

एकाच रहिवाशाची नोंद वेगवेगळ्या दप्तरांत वेगवेगळ्या लघुरूपांनी होते. सातबाऱ्याच्या उताऱ्यात त्याचे गाव 'मौजे' असते. हाही अरबी शब्द, अर्थ पुन्हा 'जागा'. पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या कागदांत त्याच्या नावापुढे 'रा.' म्हणजे राहणार येते. वृत्तपत्रातील गुन्हेवार्तेत वयाच्या आकड्यानंतर हेच 'रा.' छापले जाते. लग्नपत्रिकेत, सत्कारपत्रात आणि पत्रव्यवहारात तोच माणूस 'मु. पो.' होतो.

ही विभागणी वरवर तांत्रिक दिसते. पण 'मौजे' जमिनीचा धनी दाखवते, 'रा.' आरोपी किंवा साक्षीदार दाखवते आणि 'मु. पो.' हे ज्याला कोणी काही कळवू इच्छिते अशा माणसाचे स्थान दाखवते. वसाहतकाळातील जंगलकायद्यांमुळे सातपुड्यातील आदिवासींच्या वहिवाटीची मोठी जमीन वनखात्याच्या अखत्यारीत गेली. तिच्यावर कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर येण्याचा मार्ग उरला नाही. म्हणजे अनेकांच्या बाबतीत 'मौजे' हे लघुरूप उपलब्धच नव्हते. वनगुन्ह्याच्या कागदावर 'रा.' मात्र सहज येत असे. कोणत्या लघुरूपाखाली माणसाची नोंद होते, यावरून शासनाशी त्याचे नाते कळते, ते असे.

८. सीमेवरील पत्ता

तोरणमाळच्या उत्तरेस मध्य प्रदेश आहे आणि सातपुड्याच्या याच रांगांत पश्चिमेकडे गुजरात लागतो. भिल्ल, पावरा आणि मध्य प्रदेशात बारेला म्हणून ओळखले जाणारे त्यांचे सगेसोयरे या तिन्ही राज्यांत विखुरलेले आहेत. सोयरिकी सीमा ओलांडून होतात. पत्ता लिहिताना मात्र प्रत्येकाला आपापल्या राज्याची रीत पाळावी लागते.

गुजरातीत मराठीप्रमाणेच मु., पो., ता., जि. हा क्रम आहे. जुन्या मुंबई इलाख्याचा समान वारसा त्यातून दिसतो. मध्य प्रदेशात मात्र 'ग्राम', 'पोस्ट', 'तहसील', 'जिला' असा क्रम आहे, 'मु.' च्या जागी 'ग्रा.' आणि 'ता.' च्या जागी 'तह.' येते. गंमत अशी, की महाराष्ट्रात विभागाला तालुका म्हणतात, पण त्याचा अधिकारी तहसीलदार असतो. पूर्वी तो मामलेदार होता. अधिकाऱ्याचे नाव बदलले, पण पत्त्यातील 'ता.' चे 'तह.' झाले नाही.

आणखी एक साम्य येथे नोंदविण्यासारखे आहे. गुजरातेत भरूच आणि वडोदरा यांचे भाग घेऊन नर्मदा जिल्हा २ ऑक्टोबर १९९७ रोजी झाला. मध्य प्रदेशात खरगोनमधून बडवानी जिल्हा मे १९९८ मध्ये वेगळा झाला. त्याच वर्षी जुलैत नंदुरबार जिल्हा झाला. नऊ-दहा महिन्यांच्या अवधीत तीन राज्यांतील या आदिवासी पट्ट्याने आपले 'जि.' बदलले. तिन्ही ठिकाणी कारण जवळपास सारखे होते : दुर्गम लोकवस्तीपासून जिल्ह्याचे ठिकाण फार दूर पडत होते.

तरीही अंतराचा प्रश्न केवळ 'जि.' बदलून सुटत नाही. तोरणमाळचा तालुका अक्राणी असला, तरी बाजारहाट आणि वाहतूक यांच्या दृष्टीने गावाचा ओढा सुमारे ५० किलोमीटरवरील शहाद्याकडे राहिला आहे. घाट उतरून मैदानात जाणारा रस्ता तिकडेच जातो. पत्त्यातील तालुका आणि रोजच्या जीवनातील तालुका वेगळे असणे, ही डोंगरी गावांची नेहमीची स्थिती आहे.

९. पाड्याला लघुरूप नाही

मैदानी मराठी गावाला गावठाण असते, वेस असते, घरे एकमेकांना लागून असतात. 'मु.' या लघुरूपात अशी दाट वस्ती गृहीत धरलेली आहे. गावात पोहोचले, की नाव विचारून घर सापडते. सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्तीची रचना निराळी आहे. प्रत्येक कुटुंब आपल्या शेताजवळ घर बांधते. अशी काही घरे मिळून पाडा होतो आणि डोंगरउतारावर दूरदूर पसरलेले अनेक पाडे मिळून महसुली गाव होते. एका पाड्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यासाठी दरी उतरून पुन्हा चढावे लागते. माणूस स्वतःची ओळख पाड्याच्या नावाने सांगतो. पत्त्याच्या साच्यात मात्र त्या नावासाठी रकाना नाही. 'पा.' असे लघुरूप मराठीत रूढ झाले नाही.

याचे परिणाम व्यवहारात होतात. शिधापत्रिका, मतदारयादी, शाळेचा दाखला यांवर केवळ महसुली गावाचे नाव आले, की पाड्याची स्वतंत्र ओळख पुसली जाते. पाण्याची योजना, रस्ता किंवा अंगणवाडी 'गावात' झाल्याची नोंद होते. ती कोणत्या पाड्यात झाली हे कागदावरून कळत नाही.

सरदार सरोवर प्रकल्पाने पत्त्याचा हा प्रश्न अधिक तीव्र केला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली. नर्मदाकाठची अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर यांसारख्या वसाहतींत आली. विस्थापिताच्या पत्त्यातील 'मु.', 'पो.' आणि 'ता.' तिन्ही बदलले. मूळ पाड्याचे नाव कागदावर नव्हतेच, त्यामुळे ते कोठे गेले याची नोंदही उरली नाही. मुक्काम या शब्दाचा जुना, तात्पुरत्या तळाचा अर्थ त्यांच्या वाट्याला नव्याने आला, असे म्हणता येईल.

कायद्याने मात्र पाड्याची दखल घेतली आहे. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६, म्हणजेच 'पेसा', यानुसार वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह यांना गाव मानता येते आणि त्याला स्वतःची ग्रामसभा असू शकते. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. २००६ च्या वनहक्क कायद्यातही ग्रामसभेला मध्यवर्ती स्थान आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. तेथे प्रश्न उभा राहतो तो वास्तव्याच्या पुराव्याचा. 'मु. पो.' असलेला जुना कागद गाव सिद्ध करतो, पाडा सिद्ध करत नाही. आणि दाव्याची जमीन पाड्याजवळची असते. पत्त्याच्या साच्यातील एका न आलेल्या अक्षराची किंमत येथे कळते.

१०. अक्षरांकडून अंकांकडे

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन संकेतांक सुरू झाला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी म्हणूनही परिचित आहेत. सहा अंकांतील पहिला अंक विभाग दाखवतो. ४ या अंकात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड येतात. पिनची रचना प्रशासकीय सीमांपेक्षा टपालाच्या वाहतुकीवर आधारलेली आहे. धुळे शहराचा संकेतांक ४२४ ने सुरू होतो. पण धुळे जिल्ह्यातीलच शिंदखेडा व दोंडाईचा, तसेच नंदुरबार यांचे संकेतांक जळगावप्रमाणे ४२५ ने सुरू होतात. ही गावे भुसावळ-सुरत या तापीखोऱ्यातील रेल्वेमार्गावर आहेत. पिन आणि 'जि.' हे भूगोलाचे दोन निरनिराळे नकाशे आहेत.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे देण्यात आले. बारा अंकांची ही ओळख पत्त्यापासून स्वतंत्र आहे. तरीही कार्डाच्या मागील बाजूस गाव, टपाल कार्यालय, उपजिल्हा व जिल्हा यांची जुनी उतरंड छापलेली असतेच. २०२५ साली टपाल विभागाने 'डिजिपिन' ही दहा अक्षर-अंकांची प्रणाली आणली. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला तिने स्वतंत्र संकेत दिला आहे. तत्त्वतः सातपुड्यातील एकाकी घरालाही आता स्वतःचा पत्ता मिळू शकतो. मात्र त्या संकेतात ना 'मु.' आहे, ना पाडा. घर सापडेल, घर कोणत्या समूहाचे आहे हे सापडणार नाही. ग्रामसभेचा हक्क समूहाचा असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा ठरतो.

११. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, पत्त्यातील लघुरूपे ही इंग्रजी काळाची निर्मिती नसून मोडी लेखनपरंपरेची छापील उत्तराधिकारी आहेत. दोन, टपालव्यवस्थेने 'मुक्काम' शब्दाचा अर्थ तात्पुरत्या तळाकडून कायम वास्तव्याकडे वळवला. तीन, तोरणमाळच्या पत्त्यातील 'ता.' आणि 'जि.' यांचे बदलते विस्तार हा सातपुड्यावरील शासनाच्या विस्ताराचाच क्रमवार आलेख आहे. चार, ही सर्व लघुरूपे मैदानी वस्तीच्या अनुभवातून घडली असून डोंगरी पाड्याला त्यांत स्थान मिळालेले नाही. १९९६ नंतरच्या कायद्यांनी पाड्याला दिलेली मान्यता पत्त्याच्या साच्यात उतरलेली नाही.

यातून संशोधनाची एक दिशाही सूचित होते. जुनी पाकिटे, पोस्टकार्डे, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि शाळांची दाखलखारीज रजिस्टरे यांवरील पत्त्यांचा संग्रह नंदुरबार, धुळे व जळगाव जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी केला, तर पाड्यांची नावे कोठे उमटली, कोठे गाळली गेली आणि केव्हा बदलली याचा आराखडा तयार होऊ शकेल. ज्या कुटुंबांचे वनहक्काचे दावे पुराव्याअभावी अडले आहेत, त्यांच्या दृष्टीने असा संग्रह उपयुक्त ठरू शकतो. विद्यार्थ्यांच्या प्रवेशअर्जावर गावाच्या रकान्याशेजारी पाड्याचा रकाना ठेवणे हे प्रत्येक महाविद्यालयाच्या अधिकारातील काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.